साचेखात्यातले कान

गेल्या नरकचतुर्दशीची गोष्ट. पहाटेचे अभ्यंगस्नान उरकून आमचे आबा चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. अंगाला उटण्याचा वास, कपाळाला गंधाचा टिळा आणि हातात कपबशी. खाली अंगणात पोरांनी सुतळी बाँबला वात लावली आणि पळ काढला. बाँब फुटला, तशी आबांच्या हातची बशी खाली पडली, आणि त्यांनी दोन्ही तळव्यांनी कान घट्ट दाबून धरले. चेहरा असा पिळवटला, की कोणी चिमटा काढला असावा.

शेजारच्या काकू हसू लागल्या. "अहो, बहिऱ्याला कसला आलाय आवाजाचा त्रास!" त्या म्हणाल्या. मीही हसलो. ते हसणे पुढे चार दिवस माझ्या मनात काट्यासारखे सलत राहिले. शेजारी बसून हाक मारली तर ज्या माणसाला ऐकू येत नाही, त्याला फटाक्याने वेदना का व्हाव्यात?

मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. पोट शाळामास्तरकीवर चालते आणि हौस कादंबऱ्या लिहिण्याची. परंतु एखाद्या प्रश्नामागे लागले की तो सुटेपर्यंत झोप येऊ नये, हा कादंबरीकाराचा रोग मला आहे. त्या रोगापायी मी आबांच्या कानांचा इतिहास शोधू लागलो आणि शोधता शोधता लालबागच्या चाळीतून थेट इटलीत जाऊन पोहोचलो. बहिरेपणाचा विषय निघाला की लोक बीथोवनची गोष्ट सांगतात. ती थोरच आहे. पण मला सांगावयाची आहे ती ज्यांनी एकही सूर रचला नाही अशा माणसांची.

इटलीत मोदेना नावाचे शहर आहे. तेथे बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य विद्यापीठात शिकवीत असत. एकदा त्यांच्या घरचा मैलाखड्डा उपसायला माणूस आला होता. तो इतक्या घाईने का काम करतो आहे, असे त्यांनी विचारले; तेव्हा, या खड्ड्यात जास्त वेळ राहिले तर डोळे जातात, असे त्याने सांगितले. एरवी थोरामोठ्यांच्या नाड्या पाहणाऱ्या वैद्याने हे उत्तर ऐकून सोडून दिले असते. यांनी सोडले नाही. ते चांभार, कुंभार, गवंडी, खाणकामगार अशांच्या दुकानांत आणि कामाच्या जागी जाऊन बसू लागले, आणि १७०० साली त्यांनी कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ लॅटिनमध्ये प्रसिद्ध केला. १७१३ साली पदुआ येथून त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. रोग्याला काय काय विचारावे याची जी यादी हिपोक्रेटिसच्या काळापासून चालत आलेली होती, तीत रामाझ्झिनींनी एका प्रश्नाची भर घातली: तू धंदा कोणता करतोस?

या ग्रंथात तांबटांवर एक प्रकरण आहे. व्हेनिसचे तांबट एकाच वस्तीत दाटीने राहत आणि दिवसभर तांबे ठोकत. त्या सततच्या ठोक्यांनी त्यांचे कान मंद होत, आणि त्याच धंद्यात म्हातारपण आले तर ते ठार बहिरे होत, असे रामाझ्झिनींनी नमूद केले आहे. हे वाचताना मला व्हेनिस दिसेना; दिसू लागली ती आपल्या पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी. भांड्यावर एकाशेजारी एक ठोके घालून जे मठारकाम तेथले कारागीर करतात, त्याची चमक डोळ्यांना किती सुखावते! ती चमक कानांच्या मोलाने विकत घ्यावी लागते, हा विचार माझ्या तरी मनात कधी आला नव्हता.

येथे कानाची घडण थोडी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळावयाचे नाही. मौज अशी, की निसर्गाने आपल्या कानातच एक तांबटाचे दुकान मांडून ठेवले आहे. पडद्यामागे तीन इवलीशी हाडे असतात आणि त्यांची नावे हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी आहेत. पहिल्या दोघांना ही उपमा सोळाव्या शतकात व्हेसालियसने दिली. पडदा हलला की हातोडा हलतो, तो ऐरणीला हलवतो, ऐरण रिकिबीला हलवते. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरांची. शरीरातले सर्वांत लहान हाड. ही रिकीब ज्या खिडकीवर टेकलेली असते, तिच्यापलीकडे अडीच वेढ्यांचा एक शंख असतो. शंखात पाणी, आणि पाण्यात डोलणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पेशी. एकेका कानात पंधरा-सोळा हजार. या पेशींचे डोलणे मज्जातंतूच्या वाटेने मेंदूत जाते, तेव्हा आपण म्हणतो, ऐकू आले.

म्हणून बहिरेपणही मुख्यतः दोन जातींचे. एक दाराचे, एक घरधन्याचे. कानात मळ साचला, पडद्याला भोक पडले, कान वाहून वाहून हाडे झिजली किंवा रिकीब जागच्या जागी गोठली, तर आवाज आतपर्यंत पोहोचतच नाही. घरधनी जागा आहे. पण दाराची कडी अडकली आहे. हे बहिरेपण पुष्कळदा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारते. दुसऱ्या जातीत दार उघडे असते, पण आतला धनीच आडवा झालेला असतो. म्हणजे शंखातल्या पेशी किंवा मज्जातंतू बिघडलेला असतो. आईला गरोदरपणी झालेला विशिष्ट गोवर, बाळाची तीव्र कावीळ, मेंदूच्या आवरणाचा ज्वर, गालगुंड, स्ट्रेप्टोमायसिनच्या जातीची काही औषधे, रक्तातून आलेला वारसा, म्हातारपण, अशी याची कितीतरी कारणे. दोन्ही जाती एकाच कानात नांदल्या तर त्याला मिश्र म्हणतात. दोन्ही ओळखण्याची एक सोपी युक्ती रिन्ने नावाच्या जर्मन वैद्याने १८५५ साली सांगितली. नादकाटा वाजवून आधी कानामागच्या हाडावर टेकवावयाचा आणि मग कानासमोर धरावयाचा. हाडावरून जास्त ऐकू आले, तर दोष दाराचा. जन्मतःच ज्यांना ऐकू येत नाही त्यांची हातांची भाषा, त्यांच्या शाळा, त्यांचे लढे, हा इतिहास वेगळा आणि मोठा आहे. त्यात मी शिरत नाही.

आबांचे बहिरेपण दुसऱ्या जातीचे. पण ते कळायला आम्हाला चाळीस वर्षे लागली.

आबा साताऱ्याकडून मुंबईत आले ते १९६३ साली, अठराव्या वर्षी. मामाच्या वशिल्याने बदली कामगार म्हणून गिरणीत चिकटले आणि पुढे साचेखात्यात कायम झाले. मुंबईत कापडगिरणीची मुहूर्तमेढ कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली रोवली आणि दोन वर्षांत ताडदेवला चाती फिरू लागली, हे आपण शाळेत शिकवतो. मीही शिकवतो. साचेखात्यात उभे राहिले म्हणजे काय होते, ते मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. एक साचा मिनिटाला दोनशेच्या आसपास वेळा धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकतो, आणि प्रत्येक वेळी लाकडावर लाकूड आपटते. असे शेकडो साचे एका छपराखाली. आवाज मोजण्याच्या डेसिबल या मापाने आपले साधे बोलणे साठाच्या आसपास भरते. साचेखाते शंभराच्या घरात. हे माप फसवे आहे, कारण दर दहा अंशांना आवाजाची शक्ती दसपट होते. म्हणजे साठापेक्षा शंभर हे दीडपटीने थोडे जास्त नव्हेत. दहा हजारपट आहेत. त्यात आठ तासांची पाळी, आणि अशी एकोणीस वर्षे.

"पहिल्या आठवड्यात पाळी सुटली की कानात रातकिडे वरडायचे," आबा सांगतात. "सकाळपर्यंत जायचे. मग एक दिस गेलेच न्हाईत. मग सवय झाली." ती सवय नव्हे, पेशी मरत होत्या. आरंभी त्या नुसत्या थकतात आणि रात्रभराच्या विश्रांतीने सावरतात. रोजच मार बसू लागला की सावरणे थांबते.

हे ज्ञान कोठे नव्हते असे नाही. ग्लासगो शहरात टॉमस बार नावाच्या कानाच्या वैद्याने १८८६ साली बॉयलर बनवणाऱ्या कामगारांची तपासणी केली. त्या काळी बॉयलरच्या पत्र्यांना बाहेरून घण मारून रिव्हेट बसवीत आणि आत एक माणूस वाकून तो रिव्हेट दाबून धरी. घंटेच्या पोटात माणूस बसवून घंटा वाजवण्यासारखाच हा प्रकार! बारने शंभर बॉयलर-कामगार, शंभर ओतारी आणि शंभर पोस्टमन घेतले, घड्याळाची टिकटिक कोणाला किती अंतरावरून ऐकू येते ते मोजले, आणि शिवाय एक साधा प्रश्न विचारला: सार्वजनिक सभेतले भाषण तुम्हाला ऐकू येते का? बॉयलरवाल्यांपैकी सुमारे पाऊणशे जणांना ते एकतर कष्टाने ऐकू येई किंवा येतच नसे. पोस्टमनांत असे लोक दहाही निघाले नाहीत.

हा प्रश्न वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. १८ जानेवारी १९८२ या दिवशी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. आबा सगळ्या सभांना जात. आता, चाळीस वर्षांनी, मी त्यांना विचारले, "आबा, सभेत डॉक्टर काय बोलायचे?" आबा थोडे घुटमळले. मग म्हणाले, "मला काय ऐकू येतंय तिथं? बाजूचा हात वर करायचा, मी बी करायचो." ज्या निर्णयात त्यांची नोकरी गेली, ज्याने आमच्या घराचे दिवस पालटले, तो त्यांनी ऐकलेलाच नव्हता. पटांगणात तसे आणखी किती हात वर होत असतील, याची गणती कोणी करावी? सामंतांना दोष देण्यात अर्थ नाही आणि आबांना तर नाहीच.

बारनंतर चारच वर्षांनी, १८९० साली, हाबरमान नावाच्या वैद्याने अशाच एका गोंगाटात जन्म घालवलेल्या मृत कारागिराचा कान उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हातोडा, ऐरण, रिकीब शाबूत होती. नासाडी शंखात होती, आणि तीही दाराजवळच्या पहिल्या वेढ्यात सर्वांत अधिक. आमच्या गावाकडे शेतात गुरे शिरली की दाराशी उभे असलेले पीक आधी तुडवले जाते, तसेच हे. आणि दाराशी कोणते पीक असते? शंखात पातळ, चिरके सूर दाराशी उमटतात आणि जाड, खर्जातले सूर आतल्या टोकाशी, हे पुढे बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्याबद्दल त्याला १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे कळल्यावर आबांच्या कित्येक गमती, ज्यांवर आम्ही जन्मभर हसलो, त्यांचा उलगडा झाला. आई म्हणे, "साखर संपली," आणि आबा म्हणत, "भाकर नको, जेवलो मी." आकार, उकार, गळ्यातून येणारे स्वर जाड असतात, ते त्यांना ऐकू येत. स, श, फ ही फुंकरीची अक्षरे पातळ. ती पहिल्या वेढ्याबरोबरच गेली. बायकांचे आणि लहान मुलांचे बोलणे त्यांना पुरुषांपेक्षा कमी समजे, तेही यामुळेच. त्यांना आवाज येत होता. शब्द येत नव्हते. "सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं हो यांना," असे आई चिडून म्हणे, आणि आम्हालाही ते खरे वाटे. आपल्या प्रहसनांतून बहिरा म्हाताऱ्याचे पात्र हमखास हशा मिळवून जाते. आंधळ्याला पाहून आपले मन द्रवते. बहिऱ्याला पाहून आपल्याला हसू येते. का, ते मला अजून कळलेले नाही.

सुतळी बाँबचाही उलगडा येथेच होतो. शंखातल्या काही पेशींचे काम हलके आवाज वाढवून देण्याचे असते. त्या मेल्या की हलका आवाज नाहीसा होतो. पण मोठा आवाज मोठाच राहतो. ऐकूच न येणे आणि सहन न होणे यांच्यामधली जी ऐसपैस जागा तुम्हाआम्हाला असते, ती अशा माणसाला एका अरुंद बोळाएवढी उरते. म्हणूनच आबा आधी "काय? काय?" म्हणत, आणि आपण आवाज चढवला की कावत, "आरं, वरडतोस कशाला? मी काय बहिरा हाय?"

आता त्यातल्या एका गोष्टीकडे येतो, जी लिहू की नको असे मला फार वाटले.

इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांतले विणकर आवाजाच्या वर बोलण्याचा प्रयत्नच करीत नसत. ओठ मोठमोठे हलवून, चेहऱ्याने आणि हातांनी ते बोलत. त्या बोलण्याला त्यांनी 'मीमॉ' असे नावही दिले होते. मुंबईच्या साचेखात्यातही असेच चाले. जॉबर येतो आहे, कांडी संपली, चहाला चल, गावाहून पत्र आले, पोरगा झाला, सारे ओठांनी आणि बोटांनी. आबा त्यात तरबेज होते, असे त्यांचे सोबती सांगतात.

मी चौथीत असताना आबा शाळेत पालकांच्या सभेला आले. गुरुजी काहीतरी सांगत होते, आबा दर वाक्याला "काय?" म्हणत होते, तेही साचेखात्यातल्या आवाजात. वर्गातली पोरे फिदीफिदी हसली. घरी आल्यावर मी आईच्या कानाशी लागून कुजबुजलो, "आबांना शाळेत पाठवू नकोस. मला लाज वाटते." आबा समोरच जेवत होते. त्यांना ऐकू जाणे शक्य नव्हते, म्हणून मी निर्धास्त होतो. आबांनी घास तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा जेवू लागले. त्यानंतर ते माझ्या शाळेत कधी आले नाहीत. बक्षीस समारंभालाही नाहीत. ते ओठ वाचतात, हे मला कळले तेव्हा मी स्वतः शिक्षक झालो होतो.

स्कॉटलंडात डंडी येथे तागाच्या गिरण्यांतल्या विणकर बायकांच्या कानांचा पद्धतशीर अभ्यास होऊन १९६५ साली तो प्रसिद्ध झाला. साल लक्षात ठेवावे. आबांना साचेखात्यात लागून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. त्यांचे कान अजून बरेचसे शिल्लक होते. बर्लिनमध्ये माक्स नेगवर नावाच्या औषधविक्याने कापूस मेणात घोळवून कानात बसवावयाच्या गोळ्या १९०७ च्या सुमारासच काढल्या होत्या. पहिल्या महायुद्धात सैनिकांनीही त्या वापरल्या. नुसत्या कोरड्या कापसाच्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही. त्याला मेणाची जोड लागते. ज्या गिरणीच्या गोदामात कापसाच्या गाठी छताला टेकत होत्या, तेथे उणीव होती ती एवढ्याशा मेणाची! आपल्याकडे १९४८ चा कारखान्यांचा कायदा झाला; जे रोग आढळले की सरकारला कळवलेच पाहिजेत अशा रोगांच्या त्याच्या यादीत पुढे गोंगाटाने येणारे बहिरेपणही दाखल झाले, आणि आठ तासांना नव्वद डेसिबलची मर्यादाही नियमांत आली. कागदावर सारे यथासांग झाले. आबांच्या गिरणीत कोणी कधी त्यांच्या कानाला नादकाटा लावला नाही.

संपानंतर त्यांना परत घेतले नाही. मग एका इमारतीवर रखवालदारी, ती सुटल्यावर दुसरीवर. साचे बंद पडले, पुढे गिरण्याही पडल्या आणि त्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. पण कान परत आले नाहीत. माणसाच्या शंखातली पेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांच्या मात्र उगवतात, असा शोध १९८० नंतरच्या दशकात लागला. उन्हाळ्यात पिंपळावर बसून टुकटुक ठोके घालणाऱ्या एका पक्ष्याला आपण तांबट म्हणतो. म्हणजे तांबट पाखराचे कान भरून येऊ शकतील. तांबट आळीतल्या माणसाचे नाहीत.

दिवाळीनंतर मी आबांना कान दाखवायला घेऊन गेलो. याआधीही नेले होतेच. तिन्ही वेळा डॉक्टरांनी वय पाहून, आता चालायचेच, असे म्हणून बोळवण केली होती. यावेळी एका मोठ्या रुग्णालयात श्रवणतपासणी करणारी एक तरुण मुलगी भेटली. तिने आबांना काचेच्या बंद खोलीत बसवले, कानांवर यंत्र चढवले आणि पाऊण तासाने एक आलेख पुढे ठेवला. म्हातारपणाचा उतार सरळ घसरत जातो. या आलेखात चार हजार कंपनांपाशी एक खड्डा होता आणि पुढे किंचित चढ. वयाने त्याच्या कडा पुसट केल्या होत्या, तरी खड्डा तो खड्डाच. तिने त्यावर पेन्सिल टेकवली, मग आबांच्या समोर वाकून, ओठ स्पष्ट हलवीत विचारले,

"आजोबा, तुम्ही काम काय करत होतात?"

तीनशे वर्षांपूर्वी मोदेनात सुचलेला तो प्रश्न आबांना पहिल्यांदा कोणी विचारला तेव्हा ते ऐंशीचे होते. "साचेखात्यात होतो," ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की बाहेरच्या बाकावरची माणसे वळून पाहू लागली. मी यावेळी खाली पाहिले नाही.

कानातले यंत्र मिळाले आहे. ते बोळ थोडा रुंद करते, मेलेल्या पेशी उठवत नाही. शिवाय बाजारात गेले की पिशव्यांची कुरकूरही माणसांच्या बोलण्याइतकीच मोठी ऐकू येते, अशी आबांची तक्रार आहे. म्हणून ते पुष्कळदा खिशातच असते.

परवा आमच्या पुतण्याची हळद होती. मांडवात हल्लीच्या पद्धतीप्रमाणे ते राक्षसी कर्णे लावलेले. छातीत धडधड व्हावी असा आवाज. आम्ही सारे एकमेकांच्या कानाला तोंड लावून ओरडत होतो आणि काही कळत नसल्यामुळे नुसत्या माना डोलावत होतो. आबांनी कानांत बोळे घातले होते. मी आणून दिलेले, मेणाचे. मांडवाच्या या टोकाला ते, आणि त्या टोकाला खुर्चीवर त्यांचे गिरणीतले जुने सोबती, दोघांच्या मध्ये नाचणाऱ्या पोरांची गर्दी. आणि दोघांचे बोलणे चालले होते! ओठ हलत होते, बोटे हलत होती. एकाने काही विचारले, दुसऱ्याने कपाळाला हात लावला, मग दोघेही मनापासून हसले. साऱ्या मांडवात नीट गप्पा मारीत होते ते हे दोघेच. मी आबांच्या शेजारी जाऊन बसलो आणि काय विषय चालला आहे, असे खुणेने विचारले.

आबांनी माझ्याकडे पाहिले, दोन-तीन शब्द ओठांनीच सांगितले, आणि पुन्हा समोर वळले. मला ते वाचता आले नाहीत.